शेफिल्डचा पल्प, ठाण्याच्या घरात

गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी पल्प या इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराच्या बँडच्या ‘डिफरंट क्लास’ या अल्बमची तबकडी मी विकत घेतली. अल्बम १९९५ सालचा आहे. त्यातली निम्मी गाणी मला तेव्हापासून पाठ आहेत, कारण १९९६ च्या सुमारास आमच्या नौपाड्यातल्या घरी केबलवर त्यांचे व्हिडिओ लागत आणि पुढे कॉलेजातल्या एका मित्राने मला त्याची कॅसेट भरून दिली होती. ती कॅसेट वाजून वाजून झिजली, नंतर टेपरेकॉर्डरच बंद पडला, आणि अशा गोष्टी धुंडाळायला आम्ही ठाण्याहून लोकलने ज्या काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जात असू तेही २०१६ मध्ये बंद झाले. तबकडीवरचा प्लास्टिकचा वेष्टनकागद काढताना माझे हात थोडे थरथरत होते, हे आरंभीच सांगितलेले बरे. त्यानंतरच्या महिन्यांत मी या बँडचे आठही अल्बम, जे मिळाले ते तबकडीवर किंवा सीडीवर आणि उरलेले स्ट्रीमिंगवर, ज्या क्रमाने प्रसिद्ध झाले त्याच क्रमाने ऐकले. हा अभिप्राय मुख्यतः त्या एका तबकडीचा आहे. परंतु तिच्या आधीची सतरा वर्षे आणि नंतरची तीस वर्षे बाजूला ठेवून तिच्याविषयी लिहिणे अर्धवट ठरेल, असे ते सगळे ऐकून झाल्यावर माझे ठाम मत झाले आहे.

आधी वस्तूविषयी. आयात केलेली ही प्रत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून साडेतीन हजार रुपयांच्या आसपास पडली. बाहेरचे खोके पुरेसे जाड नव्हते आणि आत कोपऱ्यांना काहीच आधार दिलेला नव्हता, त्यामुळे कव्हरचा एक कोपरा चांगलाच दुमडून आला. तक्रार केल्यावर बदली प्रत देण्याची तयारी दाखवण्यात आली, पण त्यासाठी महिनाभर थांबावे लागणार होते. तबकडी स्वतः सपाट, स्वच्छ आणि बिनओरखड्याची असल्यामुळे मी तीच ठेवून घेतली. एवढी किंमत मोजणाऱ्या ग्राहकाला दोन जाड पुठ्ठ्यांचा आधार मिळायला हवा, आणि मागवताना तशी सूचना लिहून द्यावी असे मी सुचवेन.

कव्हरवर एका खऱ्याखुऱ्या लग्नातला गटफोटो आहे. नवरानवरी, करवल्या, सजूनधजून आलेले नातेवाईक, आणि त्यांच्या मधोमध बँडच्या सभासदांचे कृष्णधवल पुठ्ठ्याचे पुतळे उभे केलेले. आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बममध्ये, कोणाच्या बाजूचा ते दोन्ही घरांना सांगता येत नाही असा एखादा पाहुणा हमखास असतो, तसे हे लोक तिथे उभे आहेत. १९९५ च्या पहिल्या आवृत्तीत खरेदीदाराला कव्हर निवडण्याची सोय होती: दोन्ही बाजूंना छापलेली सहा पाने, म्हणजे एकूण १२ चित्रे, सोबत मिळत आणि त्यांतले हवे ते चित्र पुढच्या चौकटीत बसवता येई. प्रत्येक चित्रात तेच पुठ्ठ्याचे पुतळे, भोवताली रोजच्या आयुष्यातले एखादे वेगळे ठिकाण. माझ्या प्रतीत ही सोय नाही, लग्नाचा फोटो कायमचा छापलेला आहे, आणि ही उणीव मला मनापासून खटकते. आपण नेमके कोणत्या माणसांत बसतो हा या अल्बमचा विषय आहे, आणि मूळ कव्हर तो प्रश्न गाणे सुरू होण्याआधीच ऐकणाऱ्याच्या हातात ठेवत असे.

आतल्या पानावर गाण्यांचे शब्द आहेत, पण ते कवितेसारखे ओळी पाडून न छापता गद्यासारखे सलग छापले आहेत, आणि खाली अशी विनंती आहे की ध्वनिमुद्रण ऐकत असताना कृपया शब्द वाचू नयेत. ही विनंती पल्पच्या अनेक अल्बमांवर आढळते. तिच्यातला मिश्किलपणा मला आवडतो आणि तिच्यामागचा हेतूही पटतो, कारण शब्द वाचत ऐकणारा माणूस गायकाच्या आवाजातला श्वास, थांबणे आणि कुजबूज गमावून बसतो. मात्र मराठी श्रोत्याने तिच्यात थोडा बदल करावा असे मी सुचवेन. शेफिल्डचे उच्चार आपल्या कानांना सरावाचे नाहीत. तेव्हा एका दुपारी चहा घेत शब्द निवांत वाचावेत, अडलेले संदर्भ शोधावेत, पान मिटून ठेवावे आणि मगच सुई टेकवावी.

पल्पची ओळख करून देताना त्यांना विनोदी म्हटले जाते. तो शब्द चुकीचा नाही, पण अपुरा आहे. गायक आणि गीतकार जार्व्हिस कॉकर विनोद सांगत नाही. तो नीट पाहतो, आणि पाहिलेले इतक्या नेमकेपणाने सांगतो की ऐकणाऱ्याला हसू येते आणि त्याच क्षणी कुठेतरी लागते. लहानपणीच्या मैत्रिणीवरच्या ‘डिस्को २०००’ या गाण्यात तो तिच्या डोळ्यांचे वर्णन करत बसत नाही, तिच्या लहानशा घराच्या भिंतीवर कोणत्या प्रकारचा स्वस्त खरबरीत कागद चिकटवलेला होता ते सांगतो. तेवढ्यावरून ते घर, ती गल्ली आणि त्या मुलाचे सगळे न बोललेले प्रेम उभे राहते. आपल्या वगातला सोंगाड्या राजासमोर जे बोलतो ते हसण्यावारी नेता येते आणि तरीही विसरता येत नाही. कॉकरची जागा मला त्या परंपरेच्या जवळची वाटते. फरक इतकाच की त्याच्या गाण्यांत राजाही तोच असतो आणि ज्याची फजिती होते तोही बहुतेक वेळा तोच असतो.

हे पाहणे त्याला फुकट मिळाले नाही. पल्पची स्थापना १९७८ मध्ये शेफिल्डच्या एका शाळेत झाली, तेव्हा कॉकर १५ वर्षांचा होता. सुरुवातीचे नाव अॅराबिकस पल्प असे होते आणि ते कॉफीच्या एका जातीवरून, वर्तमानपत्रातल्या बाजारभावांच्या रकान्यातून उचललेले होते. १९८१ मध्ये बीबीसीचे प्रसिद्ध निवेदक जॉन पील शेफिल्डला आले असता कॉकरने आपली टेप त्यांच्या हातात दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या पोरांना बीबीसीसाठी ध्वनिमुद्रणाची संधी मिळाली. एवढ्या लवकर मिळालेल्या या संधीनंतर पुढचे सगळे सुरळीत होईल असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात पुढची दहाबारा वर्षे हाती फारसे काही लागले नाही. १९८३ मध्ये ‘इट’ नावाचा पहिला अल्बम आला. बँडचे नाव आणि अल्बमचे नाव जोडून वाचले की ‘याचा लगदा करा’ असा अर्थ निघतो, आणि बाजारात त्याचे जवळपास तेच झाले. १९८५ मध्ये एका मुलीवर छाप पाडण्यासाठी खिडकीबाहेर लटकण्याची कसरत करताना कॉकर खाली पडला, हाडे मोडली, आणि काही काळ त्याने चाकांच्या खुर्चीत बसून कार्यक्रम केले. १९८७ चा ‘फ्रीक्स’ कोणी फारसा ऐकला नाही. १९८९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘सेपरेशन्स’ १९९२ पर्यंत प्रसिद्धच झाला नाही. मधल्या काळात, म्हणजे १९८८ मध्ये, कॉकर लंडनच्या सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात चित्रपटाचे शिक्षण घ्यायला निघून गेला होता.

या पहिल्या तीन अल्बमांविषयी माझे मत थोडक्यात देतो. ‘इट’ हळुवार आणि गोड आहे, पण त्यात अजून पल्प नाही. ‘फ्रीक्स’ काळवंडलेला, कोंदट अल्बम आहे. रसेल सीनियरचे व्हायोलिन आणि कॅन्डिडा डॉयलचा फार्फिसा ऑर्गन येथे एकत्र ऐकू येतात आणि बँडचा खरा रंग पहिल्यांदा दिसतो. ‘सेपरेशन्स’ची दुसरी बाजू मात्र ऐकायलाच हवी, कारण तिथे डिस्कोचा ठेका शिरतो आणि त्यावर कॉकर गाण्याऐवजी कुजबुजत गोष्ट सांगू लागतो. यातले काहीही पहिल्या खरेदीत घेऊ नये.

शेफिल्ड हे पोलादाचे आणि सुऱ्याकात्र्यांचे गाव. आपल्या मांडणीवरच्या स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे मूळ १९१३ मध्ये त्याच गावातल्या हॅरी ब्रिअर्लीच्या प्रयोगशाळेपर्यंत जाते. १९८० च्या दशकात तिथले कारखाने एकामागून एक बंद झाले आणि पल्पची उमेदवारीची वर्षे नेमकी त्याच काळात गेली. हे वाचताना ठाण्याचा माणूस थांबल्याशिवाय राहणार नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत वागळे इस्टेट येथे उभी राहिली, आणि माझे वडील तिथल्या एका कारखान्यात २६ वर्षे टर्नर होते. तो कारखाना नव्वदच्या दशकात बंद झाला. त्या जागेवर आज काचेची इमारत आहे, तिच्यात संगणकावर काम करणारी मुले जातात, आणि तिच्या फाटकासमोर पूर्वी जिथे पाळी सुटल्यावर वडापावची गाडी लागे तिथे आता कॉफीचे दुकान आहे.

‘डिफरंट क्लास’चे केंद्र म्हणजे ‘कॉमन पीपल’ हे गाणे, आणि त्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे. गाण्यातली गोष्ट अशी. सेंट मार्टिन्समध्ये शिल्पकला शिकणारी एक श्रीमंत ग्रीक मुलगी निवेदकाला सांगते की तिला सामान्य माणसांसारखे जगायचे आहे. तो तिला सुपरमार्केटमध्ये नेतो आणि म्हणतो की आपल्याजवळ पैसे नाहीत असे समज. तिला हसू येते. इथे दुसरे कोणी हसताना मला दिसत नाही, असे तो तिला शांतपणे म्हणतो. पुढे तो तिला भाड्याची खोली, केस कापणे, नोकरी, झुरळे हे सगळे करून बघायला सांगतो आणि शेवटी मुद्द्यावर येतो: तू हे कितीही केलेस तरी तुला ते कळणार नाही, कारण वडिलांना एक फोन केलास की हे सगळे थांबू शकते. गरिबीची व्याख्या मी अनेक ठिकाणी वाचली आहे, पण बाहेर पडण्याचे दार नसणे हीच ती, हे इतक्या सोप्या शब्दांत मला दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही.

रचनेच्या दृष्टीनेही हे गाणे विलक्षण आहे. मूळ चाल कॉकरने नॉटिंग हिलच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेल्या कॅसिओच्या छोट्या कीबोर्डवर बसवली, ती जेमतेम दोन-तीन सुरांची आहे, आणि संपूर्ण गाणे तिच्यावरच चालते. गाण्याची लय सुरुवातीपासून शेवटापर्यंत नकळत वाढत जाते. सुरुवातीला गायक गप्पा मारल्यासारखा बोलतो, मध्यावर त्याचा आवाज चढतो, आणि अखेरीस तो अक्षरशः किंचाळत असतो. पण तो नेमका कोणत्या ओळीपासून चिडला हे कितीही वेळा ऐकले तरी बोट ठेवून दाखवता येत नाही. भजनात टाळांची गती जशी सगळ्यांना एकदम घेऊन वर चढते तसे येथे घडते. निर्माता ख्रिस थॉमस याने त्यावर अनेक वाद्यांचे थर चढवले आहेत, तरीही निक बँक्सच्या ढोलाचा आणि स्टीव्ह मॅकीच्या बासचा ठोका कुठेही दबलेला नाही. अल्बमवर सुमारे सहा मिनिटांचे पूर्ण गाणे आहे. वाहिन्यांवर वाजणाऱ्या छोट्या आवृत्तीत त्यातला सर्वांत जळजळीत भाग गाळलेला असे, आणि माझ्यासारख्या केबलवर ऐकलेल्याला तो पुढे कॅसेटवरच पहिल्यांदा भेटला.

एका रविवारी मी हे गाणे लावले असता वडील बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांचे वय आता ८१ आहे आणि इंग्रजी गाण्यांशी त्यांचा कधी संबंध आला नाही. गाणे संपल्यावर त्यांनी विचारले, “अरे, हा माणूस एवढा कोणावर ओरडतोय?” मी त्यांना गाण्याची गोष्ट मराठीत सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “फॅक्टरी बंद पडली तेव्हा मालकांचा धाकटा मुलगा दोन दिवस आमच्याबरोबर गेटवर बसला होता. चांगला मुलगा होता. डबाही आमच्यातलाच खाल्ला. तिसऱ्या दिवशी तो घरी गेला. आम्हाला घरी जाऊन काय करायचं ते कळत नव्हतं.” त्यानंतर त्यांनी चष्मा लावला आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडले. शेफिल्डच्या गाण्यावर याहून नेमका अभिप्राय मला देता येणार नाही.

अलीकडे ठाण्यात अशी उपाहारगृहे दिसू लागली आहेत जिथे मुद्दाम चाळीसारखा लाकडी कठडा, पत्र्याचे डबे आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे मांडलेले असतात, आणि पितळी वाटीतली आमटी चांगल्या भावाने दिली जाते. माझा जन्म चाळीतला आहे. तिथे बसून जेवताना मला अस्वस्थ का वाटते हे मला बरीच वर्षे सांगता येत नव्हते. हे गाणे पुन्हा नीट ऐकल्यावर ते सांगता येऊ लागले.

अल्बममधली इतर गाणी याच धाग्यावर उभी आहेत. पहिल्या ‘मिस-शेप्स’ या गाण्याचे नाव तिकडे आकार बिघडल्यामुळे स्वस्तात विकल्या जाणाऱ्या चॉकलेट-बिस्किटांवरून आले आहे. आपल्याकडे बेकरीत खारीचा चुरा पिशवी भरून स्वस्तात मिळतो त्याची आठवण व्हावी. शाळेत, बाजारात, नाक्यावर ज्यांना कोणी आपले म्हटले नाही अशा साऱ्या वाकड्यातिकड्यांच्या बाजूने ते उभे राहते. ‘आय स्पाय’ हे मला अल्बममधले सर्वांत धाडसी गाणे वाटते. त्यात श्रीमंत घरात चोरपावलांनी शिरलेल्या माणसाचा सूड आहे. गायक त्या सुडाची बाजू घेत नाही आणि त्याची लाजही बाळगत नाही, आणि तंतुवाद्यांच्या लाटांवर ते सहा मिनिटे ताणत जाते. ‘समथिंग चेंज्ड’ या साध्या प्रेमगीतात कुठेही चिमटा नाही; त्या संध्याकाळी मी बाहेर पडलो नसतो तर, एवढाच विचार आहे, आणि इतक्या धारदार गाण्यांच्या मध्ये आल्याने तो अधिक हळवा वाटतो. ‘मंडे मॉर्निंग’ मात्र मला भरतीचे वाटते.

आता आवाजाच्या दर्जाविषयी, कारण तबकडी घेणाऱ्याला तो प्रश्न सर्वांत आधी पडतो. एकाच तबकडीवर सुमारे ५२ मिनिटांचे संगीत बसवले आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे २६ मिनिटे. तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे असली की खाचांना पुरेशी जागा मिळते. त्याहून अधिक झाली की खाचा दाटीने कापाव्या लागतात आणि आवाजाची पातळी उतरवावी लागते. त्यामुळे ही तबकडी इतर अल्बमांच्या तुलनेत हळू वाजते आणि अॅम्प्लिफायरचा कान अधिक पिळावा लागतो. शिवाय बाजू संपत आली की सुई केंद्राजवळच्या आखूड वेढ्यांवर पोचते आणि तिथे ‘स’, ‘श’ हे उच्चार फाटण्याची शक्यता वाढते. कॉकरचे गाणे श्वासांवर आणि कुजबुजीवर चालते, त्यामुळे पहिल्या बाजूच्या शेवटचे ‘लाइव्ह बेड शो’ आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटचे ‘बार इटालिया’ ऐकताना हा दोष मला स्पष्ट जाणवला. माझ्या प्लेअरला साधी गोल टोकाची सुई होती; लंबवर्तुळाकार टोकाची सुई बसवल्यावर फाटणे बरेच कमी झाले, पूर्ण गेले नाही. ज्यांना केवळ निर्मळ आवाज हवा आहे त्यांनी सीडी घ्यावी. मी तबकडीच ठेवणार आहे, कारण सहा गाण्यांनंतर उठून बाजू बदलावी लागते आणि त्या अर्ध्या मिनिटात ऐकलेले थोडे आत मुरते.

या अल्बमचा इतिहास एका ठिकाणाच्या नावाभोवती फिरतो, आणि तो माझ्या मते संगीताच्या इतिहासातल्या सुंदर योगायोगांपैकी एक आहे. १९९० मध्ये द स्टोन रोझेस या बँडचा इंग्लंडमधल्या स्पाइक आयलंड या ठिकाणी मोठा कार्यक्रम झाला. तिथे जाऊन आलेली एक मुलगी कॉकरला शेफिल्डमध्ये भेटली आणि तिच्या तोंडच्या वाक्यावरून त्याने ‘सॉर्टेड फॉर ईज अँड विझ’ हे गाणे रचले; हजारोंच्या गर्दीत नशेने जवळ आलेली माणसे सकाळी एकमेकांना ओळखतही नाहीत, असा त्याचा आशय आहे. जून १९९५ मध्ये ग्लॅस्टनबरी या इंग्लंडमधल्या संगीत महोत्सवाचा मुख्य कार्यक्रम त्याच स्टोन रोझेसना करायचा होता, पण त्यांचा गिटारवादक सायकलवरून पडून जायबंदी झाला आणि ऐनवेळी पल्पला बोलावण्यात आले. ‘कॉमन पीपल’ नुकतेच ब्रिटनमधल्या सर्वाधिक खपाच्या गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले होते. त्या रात्री हजारो लोकांनी ते शब्दन्‌शब्द म्हटले. सतरा वर्षे ज्यांच्याकडे कोणी पाहिले नाही त्यांना दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर उभे राहून आपली जागा मिळाली. त्या कार्यक्रमाचे चित्रण उपलब्ध आहे; अल्बम घेण्यापूर्वी ते जरूर पाहावे.

त्यानंतरचे वर्ष गडबडीचे गेले. ‘सॉर्टेड’ हे गाणे स्वतंत्रपणे विक्रीला आले तेव्हा त्याच्या कव्हरवर कागदाची घडी कशी घालावी याची आकृती होती, ती अमली पदार्थांची पुडी बांधण्याची कृती आहे असा आरोप करून डेली मिरर या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर बंदीची मागणी केली. फेब्रुवारी १९९६ मध्ये ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात मायकल जॅक्सन जणू तारणहार असल्याच्या थाटात गात असताना कॉकर रंगमंचावर चढला आणि प्रेक्षकांकडे पाठ करून त्याने आपला निषेध व्यक्त केला. पोलिसांनी त्याला चौकशीसाठी नेले आणि आरोप न ठेवता सोडून दिले. त्याच वर्षी ‘डिफरंट क्लास’ला वर्षातल्या उत्कृष्ट अल्बमचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला आणि बँडने ती रक्कम युद्धग्रस्त मुलांसाठी काम करणाऱ्या वॉर चाइल्ड या संस्थेला दिली. ब्रिटचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो, ही देणगी फारशी कोणी सांगत नाही, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवली.

प्रसिद्धी मिळाल्यावर मार्मिक माणसाचे काय होते याचे उत्तर १९९८ च्या ‘धिस इज हार्डकोअर’मध्ये आहे. रसेल सीनियर १९९७ मध्येच बँड सोडून गेला होता. अल्बम जड, रात्रीच्या जाग्रणाचा आणि भीतीचा आहे. त्यातल्या ‘हेल्प द एज्ड’ या गाण्यात ३४ वर्षांचा गायक म्हाताऱ्यांकडे पाहून सांगतो की तेही कधीकाळी आपल्यासारखेच होते. विशीत मला तो अल्बम कंटाळवाणा वाटला होता. आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो मला ‘डिफरंट क्लास’च्या खालोखाल मोलाचा वाटतो.

२००१ च्या ‘वी लव्ह लाइफ’ची निर्मिती गायक-संगीतकार स्कॉट वॉकर यांनी केली. त्यातल्या ‘बॅड कव्हर व्हर्जन’ या गाण्यात नकलांची आणि फसलेल्या गोष्टींची यादी येते आणि त्या यादीत वॉकर यांच्याच एका जुन्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूचा उल्लेख आहे. ओळ त्यांची निवड होण्यापूर्वी लिहिलेली होती. पण माझे आवडते आहे ते ‘विकरमॅन’. शेफिल्डच्या रस्त्यांखालून वाहणाऱ्या पोर्टर नदीच्या काठाने, बंद कारखाने आणि जुन्या प्रेमाच्या जागा ओलांडत, गायक आठ मिनिटांहून अधिक काळ चालत राहतो आणि जवळजवळ बोलतच राहतो. तलावांचे शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात बुजवलेल्या तलावांवर इमारती उभ्या आहेत आणि पावसाळ्यात पाणी आपली जुनी जागा शोधत त्यांच्या तळमजल्यांत येते. हे गाणे मी जुलैमधल्या एका रात्री, बाहेर संततधार चालू असताना पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकायला हवे होते असे वाटते. यंदा तसे करणार आहे.

पुढे जवळपास दहा वर्षांची शांतता, २०११ मध्ये पुन्हा एकत्र येऊन केलेले कार्यक्रम, पुन्हा शांतता. मार्च २०२३ मध्ये स्टीव्ह मॅकीचे निधन झाले. जून २०२५ मध्ये जवळपास २४ वर्षांनी ‘मोअर’ हा नवा अल्बम आला, तो मॅकीला अर्पण केलेला आहे, आणि त्यातले पहिलेच गाणे ‘स्पाइक आयलंड’ या नावाचे आहे. ज्या कार्यक्रमाला कॉकर स्वतः गेलाच नव्हता त्याचे नाव पस्तीस वर्षे त्याच्या मागे चालत आले. जेम्स फोर्ड यांची निर्मिती मोकळी आणि स्वच्छ आहे, अकरा गाण्यांपैकी दोन-तीन संथ गाणी लांबली आहेत, परंतु ‘ग्रोन अप्स’ आणि ‘द हिम ऑफ द नॉर्थ’ ऐकताना आवाज तोच आहे, पाहणे तेच आहे, फक्त पाहणारा आता साठी ओलांडलेला आहे आणि भिंतीवरच्या कागदाऐवजी स्वतःच्या वयाकडे पाहतो आहे, हे जाणवते.

ज्यांना खरेदी करायची आहे त्यांनी ‘डिफरंट क्लास’पासून सुरुवात करावी, त्यानंतर १९९४ चा ‘हिज अँड हर्स’ घ्यावा, ज्यात हीच नजर अधिक कोवळी आहे, आणि महिनाभराने ‘मोअर’. ‘धिस इज हार्डकोअर’ चाळिशी ओलांडल्यावर घेतला तरी चालेल. किमतीचा विचार करता ‘डिफरंट क्लास’ची तबकडी महाग आहे, कव्हर निवडण्याची सोय नसलेली आहे आणि थोडी हळू वाजते, हे तिन्ही दोष ठाऊक असूनही मी ती उद्या पुन्हा घेईन. दुमडलेला कोपरा वडिलांनी जुन्या सवयीने दोन पट्ट्यांत दाबून आणि वर वजन ठेवून बराच सरळ केला आहे. आता जवळून पाहिले तरच कळतो.